विमानतळावर किती आधी पोहोचावे? जालन्याहून निघणाऱ्या प्रवाशाच्या घड्याळाचा इतिहास

१/
७ मे २०२५ च्या पहाटे ऑपरेशन सिंदूर पार पडले. दुसऱ्या दिवशी रात्रीपासून देशभरातील विमान प्रवाशांच्या मोबाइलवर एकसारख्या सूचना येऊ लागल्या : विमान सुटण्याच्या किमान तीन तास आधी विमानतळावर हजर राहा. चेक-इन ७५ मिनिटे आधी बंद होईल, असेही सांगण्यात आले. एरवी देशांतर्गत प्रवासासाठी दोन तास पुरेसे मानले जात. एका रात्रीत त्यात एका तासाची भर पडली.

२/
त्या दिवसांत उत्तर व पश्चिम भारतातील ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद करण्यात आले. यादीत महाराष्ट्रातील एकही विमानतळ नव्हता. मात्र सुरक्षेचे नवे आदेश सगळीकडे लागू झाले. नेहमीच्या तपासणीनंतर विमानात चढण्यापूर्वी प्रत्येक प्रवाशाची पुन्हा एकदा झडती घेतली जाऊ लागली. निरोप द्यायला येणाऱ्यांना टर्मिनलच्या इमारतीत प्रवेश बंद झाला. सीमा शेकडो कोस दूर होती, पण तिची सावली चिकलठाण्याच्या दारापर्यंत पोहोचली होती.

३/
जालना जिल्ह्यात नियमित प्रवासी विमानसेवा नाही. जालनेकरांचे विमानतळ म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा, जालना शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर. सूचनेतले तीन तास त्या विमानतळाच्या दारापाशी सुरू होतात. जालन्याच्या प्रवाशाचे घड्याळ मात्र त्याच्या कितीतरी आधी, घराच्या उंबऱ्यावर सुरू झालेले असते.
हे तीन तास आले कोठून? त्यांतील जवळजवळ प्रत्येक मिनिटाला एक तारीख चिकटलेली आहे. त्या तारखांचा हा इतिहास.

४/
त्याची सुरुवात विमानाच्या जन्मापूर्वी होते. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि मनमाड ते सिकंदराबाद या मीटरगेज मार्गावर जालना हे महत्त्वाचे स्थानक बनले. भारतातील रेल्वेगाड्या त्या काळी मद्रासच्या वेळेनुसार धावत. जालन्यात सूर्य डोक्यावर येई तेव्हा मद्रास वेळेनुसार बारा वाजून सुमारे १७ मिनिटे झालेली असत. १९०५-०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली आणि हा फरक सुमारे २६ मिनिटांवर गेला. सावली पाहून घरून निघणाऱ्या माणसाची गाडी चुकणे त्यामुळे सहज शक्य होते.

५/
यावर गावाने आपला उपाय शोधला : कितीतरी आधी जाऊन बसणे. बैलगाडीने स्थानक गाठायचे, गाठोडे उशाला घेऊन फलाटावर पडायचे, भाकरी तिथेच सोडायची. शहरी माणूस या सवयीला हसत आला. दोन तास आधी स्टेशनवर जाऊन बसणारा खेडूत हा विनोदाचा विषय झाला. परंतु ज्याच्या हाती वेळापत्रक नाही, ज्याच्या गावातून दुसरी गाडी नाही आणि ज्याला चुकलेल्या तिकिटाचा भुर्दंड परवडत नाही, त्याच्यासाठी ती सवय चोख हिशेबाची होती. शंभर वर्षांनी विमान कंपन्यांनी हीच सवय नियम म्हणून छापली.

६/
तपासणीही जालनेकरांना नवी नव्हती. १९४८ पर्यंत जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाचे स्वतःचे जकात खाते होते, त्याला ‘करोडगिरी’ म्हणत. ब्रिटिश मुलखातून येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात आकारली जाई आणि त्यासाठी नाक्यांवर सामान उघडून दाखवावे लागे. नाणेही निराळे होते. संस्थानात हाली सिक्का, बाहेर कलदार रुपया. मुंबईला निघालेल्या जालन्याच्या व्यापाऱ्याला माल, पैसा आणि वेळ या तिन्हींचा हिशेब सरहद्दीपाशी नव्याने मांडावा लागे.

७/
दुसरी तपासणी शरीराची. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. त्यानुसार रेल्वे स्थानकांवर प्रवाशांना उतरवून तपासले जाऊ लागले, संशयितांना छावणीत ठेवले जाऊ लागले. प्रवासाला निघालेला माणूस ठरल्या दिवशी पोहोचेलच याची खात्री उरली नाही.
म्हणजे प्रवाशाकडे संशयाने पाहून त्याला थांबवणे ही विमानयुगाची देणगी नाही. विमानाने त्या थांबण्याला मिनिटांचे माप दिले, एवढेच.

८/
आरंभीच्या विमानप्रवासात संशय जवळपास नव्हता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईला उतरले आणि भारतीय विमान वाहतुकीचा पाया घातला गेला. हैदराबाद संस्थानातही निजाम स्टेट रेल्वे व टाटांच्या भागीदारीतून १९४५ मध्ये डेक्कन एअरवेज उभी राहिली. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. त्या काळी आधी पोहोचायचे ते वजनासाठी. लहान विमानांत सामानाचे आणि कधीकधी प्रवाशाचेही वजन मोजावे लागे. प्रवाशाच्या हेतूचे वजन करण्याची वेळ अजून आली नव्हती.

९/
ती आली १९७१ मध्ये. ३० जानेवारीला इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे फोकर विमान श्रीनगरहून जम्मूला निघाले आणि दोन तरुणांनी ते पळवून लाहोरला नेले. पुढे उघड झाले की त्यांच्याजवळचे पिस्तूल नकली होते आणि हातबॉम्ब लाकडाचा. प्रवासी सुखरूप परतले, विमान लाहोरला जाळण्यात आले. त्यानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास बंदी केली आणि पूर्व व पश्चिम पाकिस्तानमधील हवाई मार्ग श्रीलंकेच्या वळणाने लांबला. बांगलादेश युद्धाच्या वर्षात या लांबलेल्या मार्गाला मोठे महत्त्व आले. त्या दोघांच्या पिशव्या चढण्याआधी कोणी उघडल्या असत्या, तर लाकडाचा तुकडा कोणालाही ओळखू आला असता.

१०/
जगभर हाच काळ अपहरणांचा होता. अमेरिकेने ५ जानेवारी १९७३ पासून प्रत्येक विमान प्रवाशाची व त्याच्या हातातील सामानाची तपासणी सक्तीची केली. भारतात निर्णायक ठरली १० सप्टेंबर १९७६ ही तारीख. त्या दिवशी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ पळवून लाहोरला नेण्यात आले. चौकशीसाठी पांडे समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षेसाठी स्वतंत्र कक्ष निघाला. आजच्या नागरी विमान सुरक्षा ब्युरोचे, म्हणजे मे २०२५ चे आदेश काढणाऱ्या यंत्रणेचे, हे मूळ. धातुशोधक चौकट आणि अंगझडती यांची मिनिटे या काळातली.

११/
२३ जून १९८५. माँट्रियलहून लंडन, दिल्लीमार्गे मुंबईला येणारे एअर इंडियाचे ‘कनिष्क’ आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ आकाशात फुटले. ३२९ जण गेले. बॉम्ब होता सामानकक्षातल्या एका बॅगेत. ती बॅग विमानात चढली होती, पण तिचा मालक चढला नव्हता.
या एका वाक्याने जगभरातील सामानाचे नियम बदलले. बॅग आणि प्रवासी यांचा मेळ लागल्याखेरीज विमान सोडायचे नाही, हे तत्त्व रुजले. भारतात १ एप्रिल १९८७ रोजी सुरक्षा ब्युरो स्वतंत्र विभाग झाला.

१२/
ज्यांनी १९८० आणि ९० च्या दशकात विमानप्रवास केला, त्यांना विमानाच्या शिडीजवळ रांगेत मांडलेल्या बॅगा आठवतील. प्रवाशाने उन्हात चालत जायचे, आपली बॅग बोटाने दाखवायची, मग हमालाने ती गाडीवर चढवायची. न ओळखलेली बॅग जमिनीवरच राहायची. अनेकांना तो निव्वळ सरकारी जाच वाटे. प्रत्यक्षात त्या बोट दाखवण्यामागे अटलांटिकमध्ये बुडालेले एक विमान होते. नियम पाळणाऱ्याला त्याचे कारण क्वचितच सांगितले जाते. जाचाची भावना बरीचशी तेथूनच जन्मते.

१३/
मराठवाड्याच्या दृष्टीने १९९३ चे वर्ष वेगळे लिहावे लागेल. १२ मार्चला मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच दिवशी सहार विमानतळावर हातबॉम्बही फेकण्यात आले. २४ एप्रिलला दिल्लीहून श्रीनगरला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवले गेले. अपहरणकर्त्याने पायाला प्लास्टर असल्याचे भासवून पिस्तुले आत नेली होती. अमृतसरला राष्ट्रीय सुरक्षा रक्षकांच्या कमांडोंनी विमान सोडवले आणि सर्व प्रवासी वाचले. देशभरातील विमानतळांवर तपासणी कडक झालेली असताना, त्याच आठवड्यात २६ एप्रिल उजाडला.

१४/
त्या दुपारी दिल्ली, जयपूर, उदयपूर करत आलेले इंडियन एअरलाइन्सचे ४९१ क्रमांकाचे विमान चिकलठाण्याहून मुंबईकडे झेपावले. धावपट्टीच्या टोकापलीकडील रस्त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक जात होता. विमान त्याला धडकले, पुढे वीजवाहक तारांना अडकले आणि शेतात कोसळले. ५५ जण मृत्युमुखी पडले, ६३ वाचले. चौकशीत दोन कारणे पुढे आली : वैमानिकाने विमानाचे नाक उचलायला केलेला उशीर व त्याची चुकीची पद्धत, आणि उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक नियंत्रित करण्यातील अपयश.

१५/
या अपघातात कोणीही शत्रू नव्हता. प्रत्येक प्रवाशाची झडती झाली असेल, प्रत्येक पिशवी उघडली गेली असेल. उणीव होती ती एका रस्त्यावर काही मिनिटे न थांबवलेल्या वाहतुकीची.
मराठीत सुरक्षा आणि सुरक्षितता हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. घातपात रोखते ती सुरक्षा, अपघात टाळते ती सुरक्षितता. पहिलीसाठी प्रवाशाला थांबवावे लागते, दुसरीसाठी कधीकधी इतरांना. चिकलठाण्याने एका दुपारी दाखवून दिले की एकीवर सारे लक्ष दिल्याने दुसरी आपोआप साधत नाही.

१६/
२४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला येणारे इंडियन एअरलाइन्सचे आयसी-८१४ पळवले गेले. अमृतसरच्या धावपट्टीवर ते सुमारे पाऊण तास उभे होते आणि निर्णय होण्याआधीच उडाले. लाहोर, दुबई आणि अखेर कंदाहार. ३१ डिसेंबरला तीन अतिरेक्यांना सोडून ओलिसांची सुटका करावी लागली, त्याआधी एका प्रवाशाची हत्या झाली होती.
तोवर विमानतळांची सुरक्षा राज्य पोलिसांकडे असे. फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून ती केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यास सुरुवात झाली. खाकीतला तो जवान आज साठहून अधिक विमानतळांवर उभा आहे.

१७/
पुढची मिनिटे परदेशातून आली. ११ सप्टेंबर २००१ नंतर चाकू, कात्री, नेलकटरसुद्धा संशयित ठरले. डिसेंबर २००१ मध्ये एकाने बुटात स्फोटके दडवून अटलांटिकवरील विमान उडवण्याचा प्रयत्न केला आणि अमेरिकेत बूट उतरवणे आले. ऑगस्ट २००६ मध्ये पेयांच्या बाटल्यांतून स्फोटके नेण्याचा कट लंडनमध्ये उघडकीस आला आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातील द्रव १०० मिलिलिटरच्या बाटलीत मोजले जाऊ लागले. हल्ला एकाचा किंवा मूठभरांचा, पण त्याच्या स्मरणार्थ रोज लक्षावधी लोक बाटल्या रिकाम्या करतात.

१८/
या नियमांचा एक स्वभाव आहे : ते एका रात्रीत येतात आणि जायला वर्षे घेतात. भारतात हातातील पिशवीच्या बिल्ल्यावर शिक्का मारण्याची पद्धत कित्येक वर्षे चालली. बिल्ला विसरलेला प्रवासी दारापासून परत रांगेत धावे. १ एप्रिल २०१७ रोजी मुंबई, दिल्लीसह सात विमानतळांवर तो शिक्का थांबला. अमेरिकेत सरसकट बूट उतरवण्याची सक्ती जुलै २०२५ मध्ये उठली, म्हणजे मूळ घटनेनंतर साडेतेवीस वर्षांनी. नियम आणणाऱ्याला भीतीचे पाठबळ असते. तो काढणाऱ्याला मात्र, उद्या काही झाले तर, हा प्रश्न एकट्याने पेलावा लागतो.

१९/
लवकर येण्याच्या सल्ल्याला आणखी एक बाजू आहे. सगळे लवकर आले की तपासणीच्या अलीकडे गर्दी साचते, आणि गर्दी हेच मग लक्ष्य बनते. २७ डिसेंबर १९८५ रोजी रोम आणि व्हिएन्ना येथे हल्लेखोरांनी गाठले ते चेक-इनच्या काउंटरपाशी उभ्या असलेल्या प्रवाशांना. २२ मार्च २०१६ रोजी ब्रुसेल्सच्या विमानतळावर स्फोट झाले तेही प्रस्थान कक्षातच.
महाराष्ट्राला यासाठी परदेशी उदाहरणाची गरज नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट पाहणाऱ्यांवर गोळीबार झाला. मराठवाड्याकडे येणारी देवगिरी एक्स्प्रेसही याच स्थानकातून सुटते. वेळेआधी येऊन गाठोड्याशी बसलेली माणसे तेथे मारली गेली.

२०/
भारतातील विमानतळांनी यावर आपल्या परीने उत्तर शोधले आहे. टर्मिनलच्या दारातच तिकीट व ओळखपत्र पाहिले जाते, अनेक देशांत तसे नसते. मे २०२० मध्ये कोरोनाकाळात देशांतर्गत विमाने पुन्हा सुरू झाली, तेव्हा दोन तास आधी येण्याची सूचना होती आणि चार तासांहून आधी आलेल्यांना आत घेतले जात नव्हते. म्हणजे फार लवकर येणेही नियमबाह्य ठरले होते. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या टर्मिनलवर इतकी कोंडी झाली की साडेतीन तास आधी येण्याचा सल्ला निघाला. त्या वेळी ना युद्ध होते ना इशारा, केवळ यंत्रे आणि माणसे अपुरी होती. त्याच महिन्याच्या १ तारखेला चेहऱ्यावरून ओळख पटवणारी डिजियात्रा सेवा सुरू झाली होती.

२१/
म्हणून तीन तास या आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : धोका आणि तोकडी व्यवस्था. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय विमान कंपन्यांना बॉम्बच्या शेकडो खोट्या धमक्या आल्या. प्रत्येक धमकी खोटी ठरेपर्यंत खरी मानावी लागली आणि त्याची किंमत प्रवाशांनी तासांत मोजली. प्रवाशाला यातील काय कशामुळे हे कळत नाही. त्याला फक्त आकडा कळतो.

२२/
आता पुन्हा जालन्याकडे. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतील तालुके मिळून हा जिल्हा झाला. बियाणे आणि पोलाद या दोन उद्योगांनी त्याला देशाच्या बाजाराशी जोडले. ‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण नव्या अर्थाने खरी ठरली. येथून दिल्ली-मुंबईला तातडीने जाणारा व्यापारी नवा नाही. त्याचा रस्ता बदनापूर, करमाड, शेंद्रा असा जातो आणि चिकलठाण्याला शहराच्या अलीकडेच संपतो. जालना शहराला हे अंतर सव्वा तासाचे. परतूर, मंठा, घनसावंगी, जाफराबाद यांना मात्र आधी बराच रस्ता तुडवावा लागतो. रात्री एसटी नसते. गाडी ठरवावी लागते.

२३/
रस्त्यावरची अनिश्चितता कोणत्याही सूचनेत नसते. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीच्या घटनेनंतर मराठवाड्यात ठिकठिकाणी रस्ते अडले आणि एसटी सेवा विस्कळीत झाली. परदेशी जाणाऱ्यांची वाट तर त्याहून लांब, कारण त्यांना बहुधा मुंबई गाठावी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. अंतर तासांनी घटले. पण मुंबईतील शेवटच्या वीस किलोमीटरला किती वेळ लागेल, याची हमी कोणताही महामार्ग देत नाही.

२४/
कडक सुरक्षेचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. नेहमी उडणारा प्रवासी मोबाइलवर बोर्डिंग पास घेतो, हातातली एक पिशवी यंत्रात टाकतो आणि पुढे जातो. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या आजीबाई, हजला निघालेले वृद्ध दाम्पत्य, आखातात कामाला चाललेला मुलगा, परदेशी शिकायला जाणारी गावातली पहिली मुलगी, यांना प्रत्येक काउंटर नवा असतो. त्यांना पोहोचवायला जीपभर माणसे येतात. इशाऱ्याच्या दिवसांत ही माणसे काचेबाहेर राहतात. ट्रॉली कशी ढकलायची, अर्ज कोणता भरायचा हे सांगणारा भाऊ दारातच अडतो. अशा प्रवाशाला जास्तीचा तास सुरक्षेइतकाच गोंधळ निस्तरण्यासाठी लागतो.

२५/
मग उत्तर काय? प्रथम सल्ला आणि मुदत यांतील फरक ओळखावा. तीन तास हा सल्ला आहे. काउंटर बंद होण्याची वेळ, एरवी साधारण ६० आणि इशाऱ्याच्या काळात ७५ मिनिटे, ही मुदत आहे. विमान चुकते ते मुदत हुकल्यामुळे. सल्ल्यातला उरलेला वेळ रांग, दुसरी झडती आणि विसरलेले ओळखपत्र यांच्यासाठी राखीव असतो.
हिशेब उलटा मांडावा. सकाळी ७ चे विमान, इशाऱ्याचे दिवस : विमानतळ ४ वाजता. रस्ता सव्वा तास : २.४५. पंक्चर, फाटक, धुके यांसाठी पाऊण तास : जालन्यातून रात्री २. परतूरहून निघायचे तर १ च्याही आधी.
एरवीच्या दिवसांत यातला एक तास परत मिळतो. निघण्यापूर्वी विमान कंपनीची ताजी सूचना पाहावी, कारण आकडा एका रात्रीत बदलतो.

२६/
रात्री २ वाजता जालन्याच्या रस्त्यावर दिवे लावून निघालेल्या त्या गाडीत अनेक तारखा बसलेल्या असतात. लाहोरला जळालेली ‘गंगा’, आयर्लंडजवळ फुटलेले ‘कनिष्क’, कंदाहारची थंडी, मुंबईच्या स्थानकावरची रात्र आणि मे २०२५ चे युद्धाचे दिवस. ज्यांना त्या दिवशी कोणी थांबवून तपासले नाही, त्यांच्या चुकवलेल्या मिनिटांची परतफेड आजचा प्रवासी करतो. ती फेड रास्त आहे. पण ती मागणाऱ्या व्यवस्थेने एवढे ध्यानात ठेवावे, की तिने मागितलेला एक तास विमानतळापासून दूर असलेल्या माणसाच्या रात्रीतून कापला जातो. तो तास खरोखर सुरक्षेसाठीच वापरला गेला पाहिजे. अपुरे काउंटर झाकण्यासाठी तो खर्ची पडू नये.

२७/
शंभर वर्षांपूर्वी जालन्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहत गाठोड्यावर डोके टेकलेल्या माणसाला लोक हसले. तो भित्रा नव्हता. आपल्या घड्याळावर आपला अंमल नाही, एवढे त्याला ठाऊक होते. चिकलठाण्याच्या दाराबाहेर पहाटे ४ वाजता ओळखपत्र हातात धरून उभा असलेला प्रवासी त्याचाच वारस आहे.